पावसाळी इंटर्नशिप, गोव्यातल्या गोड्या पाण्याचा अभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी विचारलेले आहेत. काही उत्तरं एका ओळीची आहेत, काही बरीच लांब. जिथे जिवाचा किंवा नोंदींच्या खरेपणाचा प्रश्न आहे, तिथे आम्ही हात आखडता घेतलेला नाही. अर्ज करण्याआधी सगळं वाचा.

ही इंटर्नशिप नेमकी कशाची?

गोव्यातल्या गोड्या पाण्यात काय जगतं, किती जगतं आणि कशामुळे तग धरतं, हे मोजायला शिकण्याची. व्हाळ (ओढे), नद्यांचे घाटाजवळचे भाग, सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) पावसाळ्यात साठणारी तळी, गावतळी आणि देवराईतली दलदल या आमच्या कामाच्या जागा. समुद्र, खाडी आणि खाजनं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनी) यांत नाहीत. मांडवीत भरतीचा परिणाम थेट गांजेपर्यंत जाणवतो, त्यामुळे नदीवरची आमची ठिकाणं त्याच्याही वर, सत्तरी तालुक्यात आहेत. दक्षिणेत सांगे आणि केपे तालुक्यांत थोडं काम चालतं.

गोव्यात समुद्रावर अभ्यास करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाच आहे. पण पणजीच्या नळाला येणारं पाणी खांडेपार नदीवरच्या ओपाहून येतं आणि दक्षिण गोव्याची तहान साळावली धरण भागवतं. ज्या पाण्यावर आपण जगतो त्यातले जीव आपल्याला ओळखता येऊ नयेत, याचं वाईट वाटतं. म्हणून हे काम.

कधी असते आणि किती दिवस द्यावे लागतात?

जूनच्या अखेरीस सुरू होते, ऑक्टोबरअखेर संपते. कॉलेज बुडवायचं नाही. एक आड एक शनिवार-रविवार फील्डवर यायचं आणि ऑक्टोबरमध्ये एक सलग आठवडा राहून काम करायचं. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत काम पूर्ण बंद असतं. परीक्षा आली तर सांगा, आम्ही वेळापत्रक हलवतो. मात्र एकदा ठरलेली फेरी आयत्या वेळी चुकवू नका. त्याच जागी, त्याच वेळी नोंद झाली नाही तर आधीच्या नोंदींचंही मोल कमी होतं.

पावसाळ्यातच का? तेव्हा तर व्हाळ दुथडी भरलेले असतात.

भरलेल्या व्हाळात आम्ही उतरतच नाही. जून ते ऑगस्ट आमचं काम सड्यावर असतं. जांभ्या दगडाच्या या पठारांवर मे महिन्यात पाहिलं तर काळा, तापलेला, उजाड खडक दिसतो. पहिले चार चांगले पाऊस झाले की खळग्यांत पाणी साठतं आणि त्याच खडकावर जीव दिसू लागतात. परी-कोळंबीची अंडी कोरड्या मातीत महिनोन्‌महिने पडून असतात, ती पाणी लागताच फुटतात. बेडकांची पिल्लं, पाणनिवळ्या, चतुरांच्या अळ्या, सगळ्यांची एकच घाई: तळं आटायच्या आत वाढ पूर्ण करायची. काठाला दवबिंदू आणि सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती उगवतात, कारण त्या मातीत नत्र फार थोडं असतं आणि ते किड्यांकडून मिळवावं लागतं. हे सगळं पावसाळ्यापुरतंच असतं. जानेवारीत सडा पाहणाऱ्याला ती पडीक जमीन वाटते, आणि पडीक वाटली की तिचं काय होतं ते आपण जाणतो.

सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो, व्हाळाचं पाणी निवळतं, दगड दिसायला लागतात. तिथून व्हाळाचं काम सुरू होतं.

फील्डवरचा एक दिवस कसा असतो?

व्हाळावरचा दिवस सांगतो. सकाळी सातच्या आत ठिकाणावर पोचायचं. आधी काठावर उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघायचं: पाण्याचा रंग, वास, वरून सावली किती, काठावर कुणी कपडे धुतंय का, गुरं उतरली आहेत का, बागायतीला पाणी वळवलंय का. हे सगळं वहीत. मग तापमान, सामू (पीएच), वाहकता, गढूळपणा.

त्यानंतर प्राणवायू. मीटर आहे, पण प्रत्येकाने विंक्लर पद्धत हाताने करायचीच असा आमचा आग्रह आहे. काचेची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातलं की पाण्यात तपकिरी साका धरतो. तो साका जितका गडद, तितका प्राणवायू जास्त. पांढराच राहिला तर पाणी गुदमरलेलं आहे असं समजा. आम्ल घातल्यावर साका विरघळून पाणी पिवळं होतं, स्टार्चने निळं होतं आणि थायोसल्फेटच्या थेंबाथेंबाने शेवटी रंगहीन. मीटरवर ७.८ वाचणारा मुलगा आणि स्वतःच्या हाताने ७.८ पर्यंत पोचलेला मुलगा यांची समज सारखी नसते, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे काठावरची झाडं तोडून सावली घालवली तरी पाण्यातल्या जिवांच्या वाट्याचा श्वास कमी होतो.

आणि वेळ पाळायची. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री सगळेच तो वापरतात, त्यामुळे पहाटेचा आकडा सर्वांत कमी आणि दुपारचा जास्त असतो. एका फेरीला सकाळी आणि दुसऱ्या फेरीला दुपारी गेलात तर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.

मग जाळं. उथळ, खळाळत्या पाण्यात प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळं धरायचं आणि वरचे दगड पायाने तीन मिनिटं ढवळायचे. जे वाहत येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये घ्यायचं. सुरुवातीला ट्रेमध्ये फक्त पालापाचोळा दिसतो. जरा थांबलं की पाचोळा चालायला लागतो.

ट्रेमध्ये काय सापडतं?

मेफ्लायची अळी: बहुतेकदा तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले, ते सारखे थरथरत असतात. स्टोनफ्लायची अळी: दोनच शेपट्या, चाल संथ. कॅडिसफ्लायच्या अळ्या वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे स्वतःच्या रेशमाने जोडून घर बांधतात आणि ते घेऊनच फिरतात. काही जाती घर न बांधता दोन दगडांमध्ये बारीक जाळी विणून वाहतं अन्न पकडतात. ती जाळी भिंगातून पाहिल्याशिवाय कुणी परत जाऊ नये. दगडाच्या खालच्या बाजूला तपकिरी, गोल, पैशासारखं चिकटलेलं काही दिसलं तर ते नखाने खरवडू नका, ती एका भुंग्याची अळी असते.

मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या तिघांना थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. ते नाहीसे होऊन लाल अळ्याच उरल्या तर पाण्यात काहीतरी बिघडलं आहे. लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या कमी प्राणवायूतही जगतात. रासायनिक चाचणी त्या क्षणाचं पाणी सांगते. हे जीव मात्र गेल्या कित्येक आठवड्यांचं पाणी अंगावर घेऊन जगलेले असतात.

याशिवाय खेकडे, गोगलगायी, पाणविंचू, छोटे मासे. उचललेला प्रत्येक दगड जसा होता तसा, त्याच बाजूने परत ठेवायचा. यात सूट नाही.

जीव मारावे लागतात का?

शक्य तितके नाही. बहुतेक जीव ट्रेमध्येच ओळखून, मोजून सोडून देतो. जे भिंगाखाली कुळापर्यंतही ओळखता येत नाहीत, त्यांतले मोजके नमुने अल्कोहोलमध्ये ठेवतो. मासे आणि बेडूक कधीच ठेवत नाही. अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, आठवण म्हणून गोगलगायीचा शंखसुद्धा नाही.

मी विज्ञान शाखेची नाही. चालेल?

चालेल. नीट बघता येणं आणि जे दिसलं तेवढंच लिहिता येणं, या दोन गोष्टी हव्यात. बाकीचं शिकवता येतं. भूगोल, समाजकार्य आणि मराठी विषयाच्या विद्यार्थ्यांनी गावकऱ्यांशी बोलून ज्या नोंदी केल्या आहेत, त्या आमच्या प्राणिशास्त्राच्या मुलांना जमल्या नव्हत्या.

सिंधुदुर्ग किंवा बेळगावहून येता येईल का?

हो. दोडामार्ग आणि सावंतवाडीहून मुलं येतातच. शनिवारी सकाळी साखळी किंवा वाळपईला बसने पोचणं ज्याला जमेल, त्याने अर्ज करावा. तिथून पुढची गाडी आमची.

पोहता येत नाही.

तरी चालेल. गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे कुणीच उतरत नाही, पट्टीचा पोहणाराही नाही.

पालकांचा प्रश्न: पावसाळ्यात ओढ्याकाठी मुलं पाठवायची, हे सुरक्षित आहे का?

हा प्रश्न विचारायलाच हवा. गोव्यात दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि कोंडींत (खोल डोहांत) माणसं बुडतात. म्हणून आमचे नियम कडक आहेत आणि ते मोडणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतो.

हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर फेरी रद्द. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी चोर्ला घाटात पाऊस कोसळत असू शकतो आणि ते पाणी काही वेळात खाली पोचतं. म्हणून एक जण कायम काठावर उभा राहून फक्त पाण्याकडे बघतो. निवळ पाणी एकाएकी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज जड झाला, की सामान तिथेच टाकून सगळ्यांनी वर चढायचं. जाळं नवीन घेता येतं. धबधब्याखाली आणि कोंडीत कुणीही उतरत नाही, फोटोसाठीही नाही.

मगरींबद्दल विचारलं जातं. गोव्यात मगरी आहेत, कुंभारजुवे कालव्यातल्या सर्वांना ठाऊक आहेत. फोंडा तालुक्यात दुर्भाट परिसरात पौष महिन्यात मातीची मगर करून तिची पूजा करतात, इतका तो शेजार जुना आहे. आमटाणे आणि साळावलीच्या जलाशयांच्या काठावर आम्ही म्हणूनच काम करत नाही.

मुक्काम गावातल्या घरांत असतो, मुली आणि मुलगे वेगवेगळ्या घरांत. मुलींच्या गटासोबत कायम एक अनुभवी बाई असते. प्रत्येक फेरीला कुठे जाणार, कधी परतणार आणि सोबत कोण, हे आदल्या दिवशी पालकांना लिहून कळवतो. सत्तरीत बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून मुलगी तासभर फोनवर सापडली नाही तर घाबरू नका.

पाळीच्या दिवसांत काय?

कुणी काही विचारत नाही, कुणाला कारण सांगावं लागत नाही. काठावर बसून नोंदी घेण्याचं काम नेहमीच असतं. शौचालयाची सोय जवळच्या घरात आधीच ठरवलेली असते.

जळवा, साप, आजार?

जळवा लागतात, यावर इलाज नाही. लांब मोजे पँटवरून ओढून घाला. चिकटलेली जळू ओढू नका, तिच्यावर मीठ किंवा चुना टाकू नका. नखाने तिचं तोंड बाजूने सरकवा, ती सुटते. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, त्यामुळे जखम थोडा वेळ वाहते. धुवा, दाबून धरा, पुरे. डास आणि किड्यांसाठीची क्रीम लावून पाण्यात हात घालू नका. आपण मोजायला आलेल्या जिवांना ती घातक आहे.

खरी काळजी लेप्टोस्पायरोसिसची. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात आणि अंगावरच्या ओरखड्यांतून शरीरात जातात. पायाला उघडी जखम असेल तर त्या फेरीला पाण्यात उतरायचं नाही. गमबूट सक्तीचे. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. फेरीनंतर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी व्हाळाच्या पाण्यात काम करत होतो.

सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडींमुळे होतो आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे असतो, म्हणजे आमच्या हंगामाबाहेर. तरी संध्याकाळी अंग तपासायची सवय ठेवा. सापांसाठी एकच सांगणं: जिथे डोळा पोचत नाही तिथे हात घालू नका.

देवराईत काम करताना काही वेगळे नियम?

आहेत, आणि ते गावाचे आहेत. सत्तरीत बांबरजवळ निरंकाराची राई आहे. तिथे जायफळाच्या कुळातली झाडं बारमाही पाण्यात उभी आहेत आणि श्वासासाठी त्यांनी मुळं गुडघ्यासारखी चिखलाबाहेर काढली आहेत. अशी दलदल पश्चिम घाटात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. ती राखली गेली ती देवाच्या नावाने. गावकरी सांगतील तिथे चप्पल काढायची, नको म्हणतील तिथे पाऊल टाकायचं नाही, मग नोंद अपुरी राहिली तरी हरकत नाही.

गावात कुणी बेडूक पकडताना दिसलं तर?

पावसाळ्यात गोव्यात मोठे बेडूक मारून खाल्ले जातात, काही ठिकाणी ‘जंपिंग चिकन’ म्हणून चोरून विकलेही जातात. वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. पहिल्या पावसात प्रजननासाठी बाहेर पडलेले बेडूकच पकडले जातात, म्हणजे पुढची पिढीच जाते. पण तुम्ही तिथे वाद घालायचा नाही. रात्री, अनोळखी गावात, विद्यार्थ्याने कुणाला अडवणं धोक्याचं आहे. वेळ आणि जागा आम्हाला सांगा, वन खात्याशी आम्ही बोलू.

तुमच्या नोंदी म्हादईच्या वादात वापरल्या जातात का?

त्यासाठी त्या केलेल्या नाहीत. म्हादई म्हणजेच मांडवी, तिच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक यांच्यात वाद आहे. लवाद २०१० मध्ये नेमला गेला, २०१८ मध्ये त्याने निवाडा दिला आणि कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी देऊ केलं. ती मोजणी पाण्याच्या घनफळाची. व्हाळात ऑक्टोबरमध्ये काय जगतं आणि पाणी घटल्यावर त्यातलं आधी काय नाहीसं होतं, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर द्यायला आधीची, वर्षानुवर्षांची नोंद लागते. म्हादईबद्दल तुमचं मत तीव्र असेल तर असू द्या, आमचंही आहे. वहीत मात्र ते उतरता कामा नये.

खाणींबद्दलही हेच. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पुढे मर्यादित स्वरूपात चालू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. डिचोली-सांगे भागात तांबडा गाळ दगडांमधल्या फटी भरून टाकतो आणि अळ्यांना राहायला जागाच उरत नाही. गाळ दिसला तर त्याची जाडी मोजा, फोटो काढा, तारीख लिहा. तो कुठून आला हे पाहिल्याशिवाय लिहू नका.

काहीच सापडलं नाही तर फेरी वाया गेली का?

नाही. शून्य ही आमच्याकडची सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. तीन मिनिटं ढवळून स्टोनफ्लाय एकही मिळाली नाही, तर ‘स्टोनफ्लाय: ०’ असं लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळ्या रकान्याचा अर्थ कुणी शोधलंच नाही असाही होतो. दहा वर्षांनी वही उघडणाऱ्याला फरक कळला पाहिजे. मुलांना वाटतं की काहीतरी आणून दाखवलं तरच शाबासकी, आणि मग ‘बहुतेक दिसली होती’ असं लिहिलं जातं. ते लिहू नका. ‘बहुतेक’ वाटलं तर तसंच, त्या शब्दासकट लिहा. वही पेन्सिलीने लिहायची, खाडाखोड पुसायची नाही, एक रेघ मारून पुढे जायचं.

नवी प्रजाती सापडण्याची शक्यता आहे?

इंटर्नशिपच्या काळात जवळजवळ नाही. पण गोव्यात ती शक्यता संपलेली नाही. सत्तरीतल्या केरीहून देवगांडुळाची (गांडुळासारख्या दिसणाऱ्या, पाय नसलेल्या उभयचराची) एक जाती २००७ मध्ये जगासमोर आली, आणि २०१३ मध्ये गोमंतकाचं नाव धारण करणारा एक चतुर, इडिओनिक्स गोमांतकेन्सिस. दोन्ही वेळा आधी कुणीतरी नेहमीच्या जाती पक्क्या ओळखायला शिकलेलं होतं.

मी काढलेले फोटो टाकू का?

टाका, आयनॅचरलिस्ट या जिवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर तर जरूर टाका. दुर्मीळ जिवांचं नेमकं ठिकाण मात्र लपवा, आणि देवराईचे फोटो गावाला विचारल्याशिवाय नाहीत.

मानधन, प्रमाणपत्र, क्रेडिट?

मानधन नाही. जेवण, मुक्काम, फील्डवरचा प्रवास आणि उपकरणं आमची. ज्याला बसचं भाडंही जड जातं त्याने अर्जात तेवढं लिहावं, ती सोय होते आणि ती कुणाला कळत नाही. प्रमाणपत्र सर्व फेऱ्या पूर्ण करून वही जमा केल्यावर मिळतं. इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला ३० तास लागतात, आमचे तास त्याहून बरेच जास्त भरतात. क्रेडिट द्यायचं की नाही हे तुमचं कॉलेज ठरवतं, तेव्हा जूनआधीच प्राध्यापकांची सही घ्या.

काय आणायचं?

गमबूट, रेनकोट (छत्री नको, दोन्ही हात मोकळे लागतात), दोन जादा मोजे, पेन्सिली, विजेरी, पाण्याची बाटली, स्वतःची औषधं. जीन्स आणू नका, भिजली की जड होते आणि वाळत नाही. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना बूट आणि जाळी ब्लीचच्या पाण्याने काठापासून दूर धुऊन वाळवावी लागतात, नाहीतर जलपर्णीचे तुकडे आणि बेडकांना होणारे बुरशीचे आजार आपणच पसरवतो. तेव्हा बूट सहज धुता येतील असे बघा. जेवण घरगुती असतं: शीतकढी, उकड्या तांदळाची पेज, मिळेल ती पावसाळी भाजी. शाकाहारी असाल तर आधी सांगा.

अर्ज कसा करायचा?

गुणपत्रिका नको, शिफारसपत्रही नको. तुमच्या घराजवळचं कुठलंही गोडं पाणी निवडा: विहीर, तळं, शेताचा पाट, रस्त्याकडेचा चर, काहीही. वेगवेगळ्या दोन दिवशी, एकाच वेळेला, अर्धा-अर्धा तास तिथे बसा आणि जे दिसलं ते मराठी, कोकणी किंवा इंग्रजीत हाताने दोन पानांत लिहा. जिवांची नावं माहीत नसतील तर चित्र काढा. इंटरनेटवरून उतरवलेली माहिती लगेच ओळखू येते. पानं मे महिन्याच्या अखेरीपर्यंत पोचली पाहिजेत. दहा जणांहून जास्त आम्ही घेत नाही, कारण व्हाळाच्या काठावर त्याहून जास्त पाय पडले तर मोजायला काही उरत नाही. निवड झाली नाही तरी पानं परत मिळतात, आणि आम्ही त्यांवर काय आणखी बघता आलं असतं ते लिहून पाठवतो. पुढच्या वर्षी त्याच पाण्यावर पुन्हा लिहून पाठवणाऱ्याचा विचार आम्ही आधी करतो.